आम्हाला पोहायचं होतं त्या वर्षीचं बजेट

नगरसेविका होण्याआधी मी शिवणक्लास चालवत होते. सुरतेच्या डिंडोली भागात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मशिनींची रांग होती. आजूबाजूच्या सोसायट्यांमधल्या मुली तिथे ब्लाउज, ड्रेस, परकर शिकून जात. निवडणुकीत आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव निघाली, तेव्हा पक्षाची माणसं घरी आली ती खरं म्हणजे माझ्या नवऱ्याला भेटायला. हे डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते, आणि खानदेशातून आलेल्या आमच्या लोकांत कुणाचं लग्न असो की मयत, हे कायम पुढे. पक्षवाल्यांना वाटलं, यांची बायको उभी केली की यांच्या ओळखीची सगळी मतं आपली. ह्यांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "तिलाच विचारा. माझ्यापेक्षा जास्त लोक तिला ओळखतात. अर्ध्या डिंडोलीची मापं तिच्याकडे आहेत."

मी हो म्हणाले, उभी राहिले आणि निवडूनही आले. पक्ष कोणता ते सांगत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात पक्षाचा संबंध फारसा आलाच नाही. त्या वर्षीचं भांडण पक्षांचं नव्हतं, दोन स्वभावांचं होतं.

पहिलं वर्ष मी सभागृहात गप्प बसून काढलं. मला गुजराती येत होती, पण ती बाजारातली. भाव करायची, रिक्षावाल्याशी वाद घालायची, शेजारणीच्या माहेरची चौकशी करायची. सभागृहातली गुजराती इस्त्री केलेली. 'माननीय अध्यक्षश्री' म्हणून उभं राहायचं आणि पुढचं सगळं वाक्य त्याच कडक घडीत बोलायचं, हे मला जमेना. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, क्लासमध्ये हिंदी, आणि माझी मुलगी आमच्याशी मराठीत सुरुवात करून गुजरातीत संपवायची. तिनेच मला आरशासमोर उभं करून भाषणं म्हणायला लावली. तरी उभं राहायची वेळ आली की मी हातातला कागद चाळत बसूनच राहायचे.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर पालिकेचा एक मोकळा प्लॉट होता. तारेचं कुंपण, आत रानटी गवत, कडेला बांधलेल्या कुणाच्या तरी म्हशी, आणि दर्शनी बाजूला गुजरातीत रंगवलेली पाटी. आमच्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांना गुजराती वाचता येत नाही. एकदा दवाखान्यातून येताना त्यांनी मला पाटी वाचून दाखवायला सांगितली.

"सूचित स्नानागार," मी वाचलं.

"म्हंजे काय?"

"म्हणजे इथे स्नानागार होणार आहे."

आत्याबाई थांबल्या. त्या प्लॉटकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून म्हणाल्या, "न्हावासाठे एवढी जागा? घरमा न्हानी शे ना."

मला हसू आवरेना. मग मी त्यांना समजावलं की इथल्या सरकारी गुजरातीत पोहायच्या तलावाला स्नानागार म्हणतात, आणि अजून ते झालेलं नाही, व्हायचं आहे. त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांना तपासून सांगितलं होतं की गोळ्या किती दिवस खाणार, पाण्यात चाला, पाण्यात वजन जाणवत नाही. आत्याबाईंनी आयुष्यभर उकिडवं बसून साड्यांना टिकल्या चिकटवल्या होत्या. आमच्या गल्लीत ज्या बायकांचे गुडघे गेले, त्या सगळ्या याच कामात होत्या. डॉक्टरांना त्यांनी तिथेच विचारलं होतं, आठे नदी शे का? आता त्या पाटीकडे पुन्हा बघत त्यांनी विचारलं, "बाया बी पवतीन का तठे?"

"हो, बायकांची वेळ वेगळी असते."

"मंग माले बी लई चाला."

त्यांनी हे गल्लीत सांगितलं, आणि दोन-चार दिवसांत बायका मला रस्त्यात अडवून विचारायला लागल्या, स्विमिंग पूल कधी होणार. त्याआधी माझ्याकडे गटार, दिवे, पाण्याची वेळ, दाखले एवढ्याच मागण्या यायच्या. या मागणीत पहिल्यांदाच कुणाच्या तोंडावर तक्रार नव्हती. विचारताना बायका लाजायच्या आणि हसायच्या. मला ते फार आवडलं.

पाण्याची मला मात्र भीती होती. तापीचा मोठा पूर आला तेव्हा आम्ही डिंडोलीत नव्हतो, कतारगामच्या बाजूला नदीपासून फार लांब नाही अशा चाळीत भाड्याने राहत होतो. पाणी चढायला लागलं तसं आम्हाला समोरच्या लूमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर जायचं होतं. मधे फक्त एक गल्ली. पण पाणी छातीला लागत होतं आणि ओढत होतं. पुरुषांनी गोदामातल्या साड्या एकमेकींना बांधून दोर केला, आणि आम्ही बायका मुलांना खांद्यावर घेऊन तो धरून पलीकडे गेलो. ह्यांचं लहानपण पांझरेच्या काठी गेलेलं. हे त्या गल्लीत पोहत पुन्हा पुन्हा इकडून तिकडे जात होते, एकेकीला सोडत होते. आमच्यातल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. माझंही माहेर नदीकाठचंच. पण नदीवर आम्ही मुली धुणं धुवायला जायचो आणि भाऊ उड्या मारायला. त्या कारखान्यात लूमच्या पट्ट्यांमध्ये बसून आम्ही पाणी उतरायची वाट पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की मला हे का येत नाही?

त्या वर्षी जानेवारीत आयुक्तांनी ड्राफ्ट बजेट मांडलं. त्याची जाडजूड पुस्तकं आम्हाला मिळाली. मी रात्रीचा स्वयंपाक मुलीवर सोपवून पानं उलटत बसले. आमच्या झोनमध्ये रस्ते होते, ड्रेनेज होतं, डिंडोलीच्या तोंडाशी एक भव्य प्रवेशद्वार होतं. स्नानागार नव्हतं. उलट राखीव निधीत दरवर्षीपेक्षा जास्त रक्कम टाकायची असं लिहिलं होतं. राखीव निधी म्हणजे संकटासाठी वेगळी काढून ठेवायची शिल्लक. त्या वर्षी ती वाढवायची म्हणून बरीच नवीन कामं पुढच्या वर्षावर ढकलली होती.

बजेटची सभा काही दिवस चालते. तिच्यात यावरूनच जुंपली. एका बाजूचे म्हणत होते, लोकांनी वेरा म्हणजे कर भरला तो कपाटात ठेवायला नाही, वाढत्या शहराला आज बागा पाहिजेत, पूल पाहिजेत, वाचनालयं पाहिजेत. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, हात आखडून घ्या, दिवस सारखे राहत नाहीत. या दुसऱ्या बाजूचा आवाज होता एका वयस्कर सदस्यांचा. पक्के सुरती, कतारगामचे, पांढरा लेंगा-झब्बा घालणारे. सगळे त्यांना काकाच म्हणत. ते कागद हातात न घेता बोलायचे आणि मधेच सुरती शिवी आली तर अध्यक्षांकडे बघून हात जोडायचे. अध्यक्ष न ऐकल्यासारखं करायचे.

"पाणी उतरल्यावर शहरात काय होतं ते तुमच्यातल्या निम्म्यांनी पाहिलेलं नाही," काका म्हणत होते. "गुडघाभर चिखल. तो उपसायला माणसं लागतात, मशिनी लागतात, औषधं लागतात, आणि ती त्याच दिवशी लागतात. तेव्हा दिल्लीकडे बघत बसायचं का? तिजोरीत पडलेलंच उपयोगी पडतं. आणि इथे एकेक जण काय मागतोय? कारंजं मागतोय, तरणकुंड मागतोय. उद्या पूर आला तर तरणकुंड काय कामाचं?"

मी उभी राहिले. कशी राहिले ते मला सांगता येणार नाही. माझी बोलायची पाळी नव्हती, माननीय अध्यक्षश्री म्हणायचं राहून गेलं, आणि तोंडातून निघाली ती बाजारातलीच गुजराती.

"काका, पूर आला तर पोहता तरी येईल."

आधी मागच्या बाकांवरून हसू आलं, मग सगळं सभागृह हसायला लागलं. अध्यक्षही हसले. काका माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण तेही हसत होते.

"बेन, तुम्हाला येतं का पोहायला?"

"नाही."

"मग पाण्याच्या गोष्टी कशाला करता?"

"येत नाही म्हणूनच करते," मी म्हणाले, आणि पुराच्या वेळची गल्ली, बांधलेल्या साड्या, आमच्यातल्या एकीलाही पोहता येत नव्हतं हे सगळं सांगून टाकलं. कुणी मला मधे थांबवलं नाही. सांगून झाल्यावर खाली बसले, तेव्हा लक्षात आलं की हातात कागद घेतलाच नव्हता.

अशा बोलण्याने बजेट बदलत नसतं. हसू ओसरलं, पुढचे सदस्य बोलायला उठले, आणि राखीव निधी होता तिथेच राहिला. पण जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या टेबलाशी आले. पोंकचा, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याचा, हंगाम होता. त्यांच्या हातात पोंकवड्यांची कागदी बशी होती. ती त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"कुठली चाळ होती तुमची?"

मी गल्ली सांगितली. त्यांनी मान डोलावली. "आमच्या घरापासून जवळच. आम्ही गच्चीवर होतो." मग म्हणाले, "दाखवा मला तुमची ती जागा. बघायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्कूटरवर डिंडोलीला आले. ह्यांची त्या दिवशी दुसरी पाळी होती म्हणून हे घरी होते. आम्ही तिघं चालत प्लॉटवर गेलो. आत्याबाईंना घरी बसा म्हटलं होतं, पण त्या काठी टेकत मागोमाग आल्या, आणि त्यांना बघून गल्लीतल्या आणखी बायका आल्या. काकांनी कुंपणाच्या आत जाऊन जागा पाहिली, म्हशी पाहिल्या, पाण्याची लाइन कुठून येते ते ह्यांना विचारलं. मग बायकांच्या त्या घोळक्याकडे बघून गुजरातीत विचारलं, "खरंच उतराल का पाण्यात? की बांधून झाल्यावर नुसत्या काठावर उभ्या राहाल?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्याबाईंना प्रश्नातलं अर्धंच कळलं असावं, पण उत्तर त्यांनीच दिलं, अहिराणीत. "माना गुडघा दुखस. मी पैली उतरसू."

ह्यांनी ते गुजरातीत सांगितलं. काकांनी आत्याबाईंना हात जोडले.

घरी आल्यावर आत्याबाईंनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी म्हटलं, काका, ठेचा जरा जपून. त्यांनी जपला नाही. कपाळावर घाम आला, नाक पुसलं आणि आणखी मागितला. जेवताना ते लहानपणच्या गोष्टी सांगायला लागले. तापीच्या घाटाला सुरतेत ओवारा म्हणतात. त्यांच्या वडिलांनी त्यांना सहाव्या-सातव्या वर्षी ओवाऱ्यावरून उचलून पाण्यात टाकलं होतं, आणि वर आले तेव्हा परत टाकलं होतं. त्यानंतर शाळेला दांडी मारून ते नदीतच असायचे. या काठावरून त्या काठावर जाऊन तिथल्या वाडीतल्या कैऱ्या खाऊन परत यायचे.

"आमच्या बहिणी ओवाऱ्यावर बसून कपडे सांभाळायच्या," ते म्हणाले आणि हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "चार बहिणी. कुणी विचारलंच नाही त्यांना."

मी म्हणाले, "काका, मग विरोध कशाला करता?"

"तरणकुंडाला विरोध नाही, बेन. शिल्लक मोडायला विरोध आहे. त्या चिखलाचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. राखीव निधीला हात लागला की मला झोप येत नाही. त्यातला पैसा न घेता करून दाखवा, मी तुमच्या बाजूने पहिला हात वर करीन."

"आणि पैसा आणायचा कुठून?"

"ते तुमच्या घरात शोधा. सभेत मागणारे सगळे दुसऱ्याच्या ताटात बघतात."

ते गेल्यावर मी आणि हे बजेटचं पुस्तक घेऊन बसलो. आमच्या ताटात काय होतं? प्रवेशद्वार होतं. डिंडोलीच्या तोंडाशी रस्त्यावर कमान, कमानीवर दोन हत्ती, रात्री रंगीत दिवे, आणि खाली संगमरवरात आम्हा नगरसेवकांची नावं. ते मीच मागितलं होतं, आमच्या सोसायट्यांच्या आग्रहावरून. शेजारच्या वॉर्डाला असं गेट झालं होतं, तेव्हापासून आमच्याकडच्या माणसांना चैन नव्हतं.

गेट सोडायचं तर आधी गल्लीला विचारायला हवं होतं. रविवारी सकाळी मंदिराच्या ओट्यावर मी सगळ्यांना बोलावलं. सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते पहिल्यापासूनच नाराज होते.

"बाई, बाहेरगावचे पाहुणे आले की विचारतात, तुमचं डिंडोली कुठून सुरू होतं. गेट असलं म्हणजे माणसाला ओळख असते. हाती आलेलं कुणी सोडतं का?"

"मामा, दोन्ही मिळणार नाही. एकच काहीतरी मिळेल," मी म्हणाले.

"मग गेटच घ्या. पूल तर पुढच्या वर्षीही होईल."

पुरुषांत बरेच जण माना डोलावत होते. तेवढ्यात मागे बसलेल्या बायकांतली एक उठली. ती सकाळी टिफिन करते आणि दुपारी टिकल्या लावते, एरवी चार लोकांत तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "मामा, इतकी वर्षं हत्ती नव्हते, तरी आपण घरी बरोबर पोचतोय ना?"

मामांच्या बायकोला सगळ्यांत आधी हसू आलं. तिने पदर तोंडाला लावला, पण मामांनी ते पाहिलं. मग तेही हसले आणि म्हणाले, "घ्या, घरातूनच मत फुटलं." त्यानंतर वाद असा राहिलाच नाही. पुरुषांनी एवढंच मागितलं की संध्याकाळची वेळ पाळीवरून सुटलेल्या कामगारांना मिळावी. ती मागणी इतकी योग्य होती की मी तिथेच हो म्हणून टाकलं.

पण एकट्या गेटच्या पैशात तलाव होत नव्हता. झोनच्या इंजिनियरांकडे मी आणि काका दोघं गेलो. मूळ आराखड्यात वर घुमट होता, प्रेक्षकांसाठी पायऱ्या होत्या, दारात कारंजं होतं. काका एकेक गोष्टीवर बोट ठेवून विचारायचे, "हे पोहायला लागतं का?" इंजिनियर बिचारे नाही म्हणायचे आणि ते कापलं जायचं. शेवटी उरला एक साधा तलाव, एका बाजूला उथळ, उतरायला कठड्याच्या पायऱ्या, कपडे बदलायच्या खोल्या आणि पाणी गाळायचं यंत्र. कठड्यावर मात्र मी हट्ट धरला, गुडघ्यांसाठी. काम दोन वर्षांत वाटून घ्यायचं ठरलं, म्हणजे पहिल्या वर्षी गेटच्या रकमेत भागत होतं.

सभेच्या शेवटच्या दिवशी मी सुधारणा मांडली. या वेळी माननीय अध्यक्षश्री म्हणायला विसरले नाही. प्रवेशद्वार रद्द, त्या जागी स्नानागार, राखीव निधीला हात नाही. सभागृहात आधी कुणाला कळेचना. स्वतःच्या वॉर्डातलं काम रद्द करा म्हणून कुणी उभं राहिल्याचं जुन्या सदस्यांनाही आठवत नव्हतं. ज्यांना खर्च हवा होता त्यांना तलाव मिळत होता आणि ज्यांना शिल्लक हवी होती त्यांची शिल्लक शाबूत होती, त्यामुळे नाही म्हणायला कुणाकडे कारण उरलं नव्हतं. काकांनी हात वर केला. दिलेल्या शब्दाप्रमाणे सगळ्यांत आधी, अध्यक्षांचं वाक्य पुरं व्हायच्याही आधी. मग इकडून तिकडून हात वर जायला लागले. मी ते बघत उभीच राहिले. बाजूच्या सदस्येने माझा पदर ओढला, "बेन, तुमचाही हात करा वर."

मग काम सुरू झालं आणि दोन उन्हाळे गेले. म्हशीवाल्याने जागा आनंदाने नाही पण भांडण न करता सोडली. खड्डा खणला जात असताना आत्याबाई रोज संध्याकाळी कुंपणापर्यंत जाऊन किती खोल झालं ते बघून यायच्या.

तलाव भरायची वेळ आली तेव्हा एक नवीनच अडचण पुढे आली. बायकांनी घालायचं काय? नियमाप्रमाणे पोहायचाच पोशाख लागतो, साडीत किंवा ड्रेसमध्ये उतरता येत नाही. दुकानातला पोशाख बघून आमच्या बायकांनी कानाला हात लावले. मी म्हटलं, हे तर माझं काम आहे. सुरतेत राहून आपण कापडासाठी अडायचं? मी आणि माझी मुलगी रिंग रोडच्या मार्केटमध्ये गेलो आणि दोन्ही बाजूंना ताणलं जाणारं, पाण्यात रंग न सोडणारं कापड घेऊन आलो. मनगटापर्यंत बाही, घोट्यापर्यंत पाय, कमरेला छोटी झालर. पालिकेच्या माणसाला नमुना दाखवून मंजूर करून घेतला. मग पंधरा-वीस दिवस क्लासमध्ये दुसरं कुठलं काम घेतलंच नाही. कुणाला जांभळा हवा होता, कुणाला मोरपंखी. आत्याबाईंनी हळदीचा पिवळा सांगितला. त्यांचं म्हणणं, बुडाली तर लवकर दिसली पाहिजे.

उद्घाटनाला भाषणं झाली, फीत कापली, नारळ फुटला. टाळ्या संपल्या आणि सगळे मोठे लोक निळ्या पाण्याकडे बघत काठावर उभे राहिले. पुढे काय करायचं ते कुणालाच सुचेना. तेवढ्यात काका खोलीतून बाहेर आले. झब्बा-लेंगा आत ठेवलेला, अंगावर पोहायचा पोशाख, डोक्याला टोपी. कुणाकडे न बघता ते खोल बाजूला गेले, हात पुढे केले आणि उडी मारली. पुढच्या रांगेतल्यांच्या कपड्यांवर पाणी उडालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन त्यांनी डोकं वर काढलं आणि सांगितलं, "पाणी बरं आहे."

त्यांच्या सगळ्यांत धाकट्या बहिणीला ते बरोबर घेऊन आले होते. सत्तरीच्या आसपासची बाई, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली. काका बाहेर येऊन मला म्हणाले, "बेन, हिचंही माप घ्या. उद्यापासून तुमच्या बॅचला येईल." रोज रिक्षाने कतारगामहून डिंडोलीला. ती अजूनही येते.

बायकांची बॅच दुपारची. शिकवणारी मुलगी विशी-पंचविशीची, हिंदीतून शिकवायची. पहिल्या दिवशी आम्ही नवीन पोशाख घालून एकमेकींना बघितलं आणि इतक्या हसलो की ती मुलगी शिट्टी हातात धरून तशीच उभी राहिली. आमच्यात खानदेशातल्या होत्या, ओडिशातल्या दोघी, एक उत्तर प्रदेशातली आणि काकांची बहीण. आत्याबाई बोलल्याप्रमाणे पहिल्या उतरल्या. कठड्याला धरून एकेक पायरी. पाणी कमरेला लागलं, तसा त्यांनी कठडा सोडला आणि चालायला लागल्या. काठी काठावर पडलेली आणि आत्याबाई पिवळ्या पोशाखात उथळ पाण्यात इकडून तिकडे चालताहेत, हात हलवत, बाजारात निघाल्यासारख्या.

"दुखस का?" मी काठावरून विचारलं.

"कुठे काय," त्या म्हणाल्या. "तू कसाले उभी शे? ये ना."

मी उतरले खरी, पण छातीला पाणी लागलं आणि मला ती गल्ली आठवली. हात आपोआप कठड्याकडे गेले. शिकवणारी मुलगी जवळ आली. तिने काही समजावलं नाही, नुसता माझ्या पाठीखाली हात ठेवला आणि म्हणाली, "आंटी, छत देखो." छप्पर नव्हतंच, ते आम्हीच कापलं होतं. मी आभाळाकडे बघितलं. कान पाण्यात गेले, बायकांचा गलका लांब गेला, आणि जरा वेळाने मला कळलं की तिचा हात माझ्या पाठीखाली नाही.

पाय मारायला शिकायला मला इतरांपेक्षा जास्त दिवस लागले. टिफिनवाली आठवड्याभरात अर्ध्या तलावापर्यंत गेली. काकांची बहीण म्हणाली, आमच्या रक्तातच आहे, आणि खरंच तिला फारसं शिकवावं लागलं नाही. मी रोज नाकातोंडात पाणी घेऊन घरी यायचे, आणि हे विचारायचे, "आज किती प्यालीस?" मुलगी म्हणायची, सभागृहात भाषण करताना मम्मीचे हात हलतात तेवढे इथे हलवले तरी पुरे.

मग एक दिवस, पावसाळा संपून ऊन पडलं होतं तेव्हा, मी उथळ बाजूने निघाले आणि थांबलेच नाही. मधली निळी रेघ गेली. खाली पाय टेकायला तळ नाही हे मला माहीत होतं, तरी हात थांबले नाहीत. समोरची भिंत हाताला लागली तेव्हा क्षणभर मला ती खरी वाटेना. मी काठ धरला, केस मागे सारले आणि वळून बघितलं. पलीकडे सगळ्या जणी पाण्यात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मधे एवढं मोठं पाणी होतं, ऊन त्यावर तुटून पसरलं होतं, आणि त्यातून मी आले होते.

शिकवणारी मुलगी काठावरून चालत माझ्याजवळ आली. "आंटी, अब वापस."

"थांब जरा," मी मराठीतच म्हणाले. "बघू दे मला."